नवा कॉम्प्युटर, एसएसडी, तरी सुरू व्हायला दोन मिनिटं? या चुका टाळा

"आत्या, एसएसडी टाकली न, मग इतका वेळ काऊन लागून राहिला?"

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरच्या मनीष नगरहून भाच्याचा फोन आला. बर्डीच्या दुकानांत दोन आठवडे फिरून त्यानं एकेक पार्ट निवडला होता आणि घरी बसून स्वतः जोडला होता. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप हाती येईपर्यंत १ मिनिट ५० सेकंद. घरचा आठ वर्षं जुना कॉम्प्युटरही जवळपास तेवढाच वेळ घ्यायचा. पोराचा आवाज उतरला होता, कारण पैसे त्यानं स्वतः साठवले होते. तोवर विंडोज दोनदा पुन्हा टाकून झाली होती आणि आता तो एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी लावायची चिपवाली वेगवान डिस्क, बदलून आणायला निघाला होता. म्हटलं, थांब, मी येते.

एसएसडी चांगली होती. असं मी बऱ्याच घरांत पाहिलंय. वेळ जातो एका ठिकाणी आणि लोक दुरुस्ती करतात भलत्याच ठिकाणी. म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगते.

न मोजता दुरुस्तीला लागणं

कॉम्प्युटर सुरू होणं हे एक काम नसून तीन कामं आहेत. आधी मदरबोर्डचं बायोस (बोर्डातच असलेलं मुळातलं सॉफ्टवेअर) रॅम, डिस्क, ग्राफिक्स कार्ड, यूएसबीला लावलेल्या वस्तू तपासतं. मग विंडोज स्वतः वर येते. मग लॉगिन केल्यावर सोबतचे प्रोग्राम सुरू होतात. मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या आणि तीन वेळा टिपा: बटण दाबल्यापासून फिरणारे ठिपके दिसेपर्यंत, ठिपक्यांपासून लॉगिनपर्यंत, आणि लॉगिनपासून माउस मोकळा होईपर्यंत.

भाच्याच्या मशीनवर हे आकडे ७४, १५ आणि २१ सेकंद असे आले. म्हणजे विंडोजची पाळी येण्याआधीच ७४ सेकंद गेले होते. विंडोज दहा वेळा टाकली असती तरी ते कमी झाले नसते.

हाच अंदाज विंडोजमध्येही मिळतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि स्टार्टअपच्या पानावर वर उजवीकडे 'लास्ट बायोस टाइम' पाहा. तो आकडा स्टॉपवॉचशी तंतोतंत जुळेलच असं नाही, पण दिशा कळते. विंडोजच्या बाजूचा हिशेब हवा असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल इथपर्यंत जा. तिथे १०० क्रमांकाच्या नोंदीत बूटला, म्हणजे सुरू व्हायला, लागलेला वेळ मिलिसेकंदांत मिळतो. १०१ ची नोंद उशीर करणारा प्रोग्राम दाखवते, १०२ ड्रायव्हर (एखादा पार्ट चालवणारा प्रोग्राम) आणि १०३ सर्व्हिस (मागे गुपचूप चालणारं काम). फुकट मिळणारी इतकी नेमकी माहिती फारसं कुणी उघडून पाहत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मोजताना नेहमी रीस्टार्ट करून मोजा. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाऊन करताना सिस्टीमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून होतं. आणि रीस्टार्टपेक्षा शट डाऊननंतरची सुरुवातच जास्त वेळ खात असेल, तर कुठला तरी ड्रायव्हर त्या जपलेल्या अवस्थेतून नीट उठत नाहीये असं समजा. फास्ट स्टार्टअप बंद करून पुन्हा मोजा.

जुनी हार्ड डिस्क लावून विंडोज टाकणं

भाच्याच्या घरी पोचले, कॅबिनेटची बाजू उघडली आणि बटण दाबायला सांगितलं. पंख्यांच्या आवाजाखालून बारीक टक्... टक्... टक् ऐकू आलं. खालच्या कप्प्यात जुन्या कॉम्प्युटरची १ टीबीची हार्ड डिस्क बसवलेली होती. त्यात त्याच्या आजीचे, लग्नामुंजीचे सगळे फोटो. ती लावण्यात गैर काहीच नव्हतं, पण लावायची वेळ चुकली होती.

मी मशीन बंद करून त्या डिस्कची साटा केबल (मदरबोर्डला जोडणारी) काढली आणि परत सुरू केलं. विंडोज आलीच नाही, थेट बायोसचा पडदा उघडला. एसएसडीवर विंडोज असूनही मशीनला बूट करायला काही सापडेना. तिथेच गाठ सुटली.

विंडोज टाकताना दोन डिस्क जोडलेल्या असतील आणि एकीवर आधीचं ईएफआय पार्टिशन (बूटच्या फायली ठेवायचा डिस्कचा तुकडा) असेल, तर इन्स्टॉलर बऱ्याचदा बूटच्या फायली त्याच जुन्या पार्टिशनमध्ये ठेवतो. सी ड्राइव्ह नव्या एसएसडीवर आणि दाराची किल्ली जुन्या डिस्कवर, असा प्रकार. भाच्यानं दोनदा विंडोज टाकली ती दोन्ही वेळा डिस्क जोडून ठेवूनच, म्हणून दोन्ही वेळा तेच झालं. त्यात ती डिस्क थकलेली. खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरची खराब जागा, वाचताना डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि बायोस तिच्या उत्तराची वाट पाहत थांबतं.

तुमच्याकडे हेच आहे का, ते पाहायला डिस्क मॅनेजमेंट उघडा. 'ईएफआय सिस्टीम पार्टिशन' असं लिहिलेला तुकडा सी ड्राइव्हच्याच डिस्कवर दिसला पाहिजे. दुसऱ्या डिस्कवर असेल तर मशीन नवीन असतानाच सगळं स्वच्छ करून घ्या: महत्त्वाच्या फायली बाहेर काढा, मशीन बंद करून बाकीच्या सगळ्या डिस्कच्या केबल काढा, फक्त एसएसडी ठेवून विंडोज टाका, आणि ती नीट चालल्यावरच, जुनी डिस्क धडधाकट असेल तर, ती जोडा. बीसीडीबूट कमांडनं बूटच्या फायली एसएसडीवर हलवताही येतात, पण त्यासाठी पार्टिशन हातानं बनवावं लागतं. तिथे चुकीची डिस्क निवडली तर आजीचे फोटो गेले.

फोटोंचं काम मी सगळ्यात आधी उरकून घेतलं. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये ती डिस्क पिवळी दिसत होती, 'करंट पेंडिंग सेक्टर', म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा, शून्याच्या वर. अशी डिस्क रोजच्या मशीनमध्ये ठेवू नये. यूएसबीच्या खोक्यात घालून आतलं सगळं कॉपी करून घ्यावं. रात्री दीडपर्यंत आम्ही दोघं जागलो, पण एकही फोटो सुटला नाही.

काळा पडदा पाहून घाबरणं

डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमच्या मशीनवर, त्यातही एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या खाचेच्या) मशीनवर, पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. मदरबोर्डवर डीरॅम लिहिलेला छोटा दिवा पेटलेला असतो आणि बाकी सगळं शांत. हे मेमरी ट्रेनिंग. इतक्या वेगानं चालणाऱ्या रॅमशी बोलताना वेळेचं गणित किती ठेवायचं, ते प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर पारखून घेतो. रॅमच्या पट्ट्या चार असतील तर आणखी वेळ लागतो. अशा वेळी मशीन बंद पडलं समजून लोक मेन स्विच पाडतात आणि ट्रेनिंग परत पहिल्यापासून सुरू होतं. चहा टाका, पण बटणाला हात लावू नका.

हे ट्रेनिंग दर वेळी होत असेल तर बायोसमध्ये 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' शोधा. ते चालू केलं की मागच्या वेळचं गणित वापरलं जातं आणि बूटचे बरेच सेकंद वाचतात. मात्र त्यानंतर मशीन अधूनमधून अडकलं किंवा निळा पडदा आला, तर ते लगेच बंद करा. दहा सेकंद वाचवण्यासाठी अस्थिर मशीन वापरू नये, या मतावर मी ठाम आहे.

बायोसच्या नव्या आवृत्त्यांनी हा वेळ पुष्कळदा कमी होतो. पण बायोस अपडेट यूपीएसशिवाय करू नका. आपल्याकडे मे-जूनमध्ये संध्याकाळी वादळ उठलं की लाइट जाते, आणि अपडेट अर्धवट राहिलं तर मदरबोर्डच उठत नाही.

जुन्या पद्धतीनं बूट करणं

सिस्टीम इन्फर्मेशन उघडा आणि 'बायोस मोड' पाहा. तिथे यूईएफआय, म्हणजे नवी पद्धत, हवं. लेगसी असेल तर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीनं बूट करायची सोय) चालू आहे आणि डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. जुन्या कॉम्प्युटरची विंडोज क्लोन करून (जशीच्या तशी उतरवून) नव्या एसएसडीवर आणली की हे बऱ्याचदा होतं, वर जुन्या मदरबोर्डचे ड्रायव्हरही सोबत येतात. नव्या मशीनवर विंडोज नवीच टाकावी. तरीही क्लोनच ठेवायचं असेल, तर विंडोजमध्येच 'एमबीआर टू जीपीटी' हे डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारं साधन आहे. आधी बॅकअप, मग तपासणी, मग बदल, आणि त्यानंतरच सीएसएम बंद. क्रम उलटा केलात तर विंडोज सुरूच होणार नाही.

बायोसमध्ये गेलाच आहात तर नेटवर्कवरून बूट करण्याचा पर्याय बंद करा आणि बूटच्या क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला ठेवा. मागे खोचून राहिलेला पेन ड्राइव्ह किंवा सतत जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क काढून एकदा मोजा. एवढ्यानंही काही मशीनचा निम्मा उशीर गेलेला मी पाहिला आहे.

व्हिडिओ पाहून केलेले उपाय

एमएसकॉन्फिग या विंडोजच्या साधनात 'नंबर ऑफ प्रोसेसर्स'वर टिक करून मोठा आकडा निवडला की बूट वेगात होतो, हे साफ खोटं आहे. विंडोज मुळातच प्रोसेसरचे सगळे कोर (काम करणारे भाग) वापरते. ती सोय चाचणीसाठी कोर कमी करण्याची आहे. टिक केली असेल तर काढा.

एसएसडीला डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) करू नका. तुकडे विखुरलेले असले तरी तिला फरक पडत नाही, नुसती लिहिण्याची झीज होते. विंडोजचं स्वतःचं 'ऑप्टिमाइझ' चालू राहू द्या, ते एसएसडी ओळखून ट्रिम करतं, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा मोकळी झाली हे तिला कळवतं. आणि ती काठोकाठ भरू नका, निदान दहा-पंधरा टक्के जागा मोकळी असू द्या.

लॉगिननंतरचा उशीर बहुधा सोबतच्या प्रोग्राममुळे असतो: गेमचे लाँचर, क्लाउडची सिंक, रंगीत दिव्यांचं सॉफ्टवेअर, मदरबोर्डसोबत आलेली साधनं. टास्क मॅनेजरमध्ये एकेक बंद करा. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नका.

महाग एसएसडी घेऊन उत्तर शोधणं

साटा केबलवरची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, चौथ्या पिढीची चांगली एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी, जास्त वेगाची एसएसडी) ७००० च्या आसपास. पण हे आकडे सलग मोठी फाइल वाचण्याचे आहेत. बूट होताना हजारो बारीक फायली इकडून तिकडून वाचल्या जातात आणि मधे प्रोसेसरची, ड्रायव्हरची कामं असतात. हार्ड डिस्कला प्रत्येक तुकड्यापाशी पोचायलाच दहाएक मिलिसेकंद लागतात, म्हणून हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलं की जमीन-अस्मानाचा फरक पडतो. साटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर बूटमध्ये एखाद-दोन सेकंदच वाचतात. त्या पैशात यूपीएस घ्या.

उन्हाबद्दल नागपुरात विचारणारे बरेच. नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पारा ४५ च्या वर गेला की एनव्हीएमई गरम होऊन वेग कमी करते हे खरं, पण ते मोठ्या फायली हलवताना. थंड मशीन सुरू होताना उष्णता सहसा आड येत नाही. तरी हीटसिंकखालच्या (एसएसडीची उष्णता शोषणाऱ्या पट्टीखालच्या) पॅडवरचं पातळ प्लास्टिक सोललं आहे ना, ते पाहा. आणि कॅबिनेट कूलरच्या झोतात ठेवू नका, ओलसर हवा आणि धूळ दोन्ही आत जातात.

हे सगळं केल्यावर भाच्याचं मशीन आता एकूण ३३ सेकंदांत उठतं. तुमचं यानंतरही उठत नसेल तर एसएसडी मदरबोर्डच्या दुसऱ्या एम डॉट टू खाचेत (एनव्हीएमई बसवायच्या) लावून पाहा आणि तिचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. तरी जमलं नाही तर दुकानात जा, पण जाताना कागदावर लिहून न्या: तीन टप्प्यांचे सेकंद, बायोसची आवृत्ती, कुठल्या खाचेत काय लावलं आहे, आणि कुठली केबल काढल्यावर आकडा किती बदलला.