चाफ्याची फांदी कुजते? आधी वाळवा

खान्देशातल्या काळ्या मातीत चाफ्याची ताजी फांदी खोचली की ती बुडातून मऊ पडून कुजते.

माघात झाड निष्पर्ण असतं, तेव्हाच हातभर लांबीची, राखाडी सालीची जून फांदी कापा. कोवळी हिरवी नको. कापल्या जागी पांढरा चीक ठिबकतो. तो पुसून फांदी ८-१० दिवस सावलीत आडवी ठेवा. टोक कोरडं, टणक झालं की अर्धी माती, अर्धी वाळू भरलेल्या कुंडीत ४ बोटं खोल लावा. पाणी एकदाच, पुढे माती वाळल्यावरच. चैत्रातलं ऊन बघून रोज तांब्याभर ओतावंसं वाटतं, आणि फांदी हमखास तिथेच जाते. पानं फुटल्यावर मृगात जमिनीत लावा, उंचवटा करून.

चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतो.