गहाण घराच्या जप्तीविरुद्ध वकील करताना या चुका टाळा

गृहकर्जाचे हप्ते ९० दिवसांहून अधिक काळ थकले की बँक ते खाते अनुत्पादक (एनपीए), म्हणजे थकीत, ठरवते आणि २००२ च्या सरफेसी कायद्याच्या, म्हणजे न्यायालयात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याची मुभा बँकांना देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) खाली ६० दिवसांची मागणी नोटीस पाठवते. घर वाचवण्याची लढाई या नोटिशीपासून सुरू होते. बहुतेक कर्जदार मात्र दारावर ताब्याची नोटीस चिकटवल्यानंतरच वकिलाकडे धावतात. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. त्या ६० दिवसांत लेखी हरकत नोंदवता येते आणि ती मान्य नसल्यास बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. व्याजाचा हिशेब चुकला असेल किंवा भरलेले हप्ते खात्यात दिसत नसतील, तर ते याच वेळी कागदावर आणावे, म्हणजे पुढे वकिलाच्या हाती भक्कम आधार राहतो.

दुसरी चूक वकिलाच्या निवडीत होते. घरातील वाटणीचा दावा उत्तम चालवलेल्या ओळखीच्या वकिलांकडे आपण विश्वासाने जातो, ते दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम मागतात, आणि कलम ३४ नुसार त्या न्यायालयाला अधिकारच नसल्याचे लक्षात येईपर्यंत मोलाचे दिवस निघून जातात. बँकेने ताब्याची कारवाई केल्यापासून ४५ दिवसांत कलम १७ खाली कर्ज वसुली न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. हा मार्ग खुला असताना उच्च न्यायालयाने सहसा रिट याचिका (थेट उच्च न्यायालयात केलेला अर्ज) घेऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे. म्हणून पहिल्याच भेटीत विचारावे: कलम १७ चे अर्ज आपण स्वतः चालवले आहेत का, माझी मुदत कोणत्या तारखेला संपते, आणि तारखेला आपण उभे राहणार की सहकारी? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागद न पाहताच देणाऱ्या वकिलाकडे प्रकरण सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागद अर्धवट नेणे ही तिसरी चूक. कर्जमंजुरीचे पत्र, करारनामा आणि खातेउतारा यांच्याबरोबर प्रत्येक नोटिशीचे पाकीटही जपावे, कारण टपालाच्या शिक्क्यावरून तारीख सिद्ध होते. ताब्याची नोटीस सात दिवसांत दोन वृत्तपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील पत्रात, प्रसिद्ध व्हावी लागते. विक्रीपूर्वी कर्जदाराला ३० दिवसांची सूचनाही द्यावी लागते. यांतील त्रुटी कागदांवरूनच सापडतात.

शुल्क लेखी ठरवावे. ‘घर वाचले तर इतके टक्के’ असा करार वकिलांना नियमानेच मना आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

स्थगिती मिळाली म्हणून निर्धास्त होऊ नये. ती अनेकदा ठरावीक रक्कम भरण्याच्या अटीवर असते आणि हप्ता चुकला की उठते. तडजोडीची बोलणी सुरू असतील तर वकिलाला अंधारात ठेवू नये, कारण २०१६ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण थकबाकी भरून घर सोडवून घेण्याचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. बँकेच्या अधिकाऱ्याचे तोंडी आश्वासन ही तारीख पुढे ढकलत नाही.

वकील फोन उचलत नसतील, तर आधी न्यायाधिकरणातून पुढची तारीख स्वतः काढावी, मग त्यांच्याकडून ना-हरकत आणि संपूर्ण फाईल घेऊन नव्या वकिलाचे वकीलपत्र त्या तारखेपूर्वी दाखल करावे.