क्वेरीत व्हेरिएबल टाकायचंय? आधी डि'सोझा आंटींचं नाव टाकून बघा

वांद्र्याच्या एका सोसायटीचं मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं, पीएचपी (प्रोग्रामिंगची भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) वापरून. सेक्रेटरी काकांचा फोन, अरे बी विंगच्या आंटींचं नाव सेव्हच होत नाहीये, बाकी सगळ्यांचं होतंय. मी दोन दिवस नेटला शिव्या घालत बसलो आणि मग आडनाव नीट बघितलं, डि'सोझा! मधलं ते एक चिन्ह.

माझी क्वेरी (डेटाबेसला दिलेली कमांड) व्हेरिएबल, म्हणजे युजरने टाकलेली व्हॅल्यू, सरळ जोडून बनायची, म्हणजे शेवटी अट (व्हेअर) व्हायची अशी: व्हेअर आडनाव = 'डि'सोझा'. डेटाबेसला वाटतं आडनाव 'डि' वरच संपलं, पुढचं सोझा काय ते त्याला कळत नाही, मग एरर. हे तरी परवडलं, पण ह्याच फटीतून कोणी नावाच्या जागी ' ऑर '1'='1 (म्हणजे 'किंवा एक बरोबर एक', जे नेहमी खरंच) टाकलं तर अख्ख्या सोसायटीची यादी बाहेर. ह्यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात.

तर पहिली सवय, जोडाजोडी बंद. व्हेरिएबलच्या जागी प्रश्नचिन्ह टाका, व्हेअर आडनाव = ?, पीडीओमध्ये (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय) आधी प्रिपेअर करा, म्हणजे क्वेरीचा साचा तयार करा, आणि एक्झिक्यूट करताना व्हॅल्यू द्या. मग त्यात काहीही असो, ती व्हॅल्यूच राहते, कमांड होत नाही. पीडीओ मायएसक्यूएलसोबत हे प्रिपेअर बाय डिफॉल्ट स्वतःच एम्युलेट करतो (डेटाबेसकडे न देता स्वतःच व्हॅल्यू भरतो), मी ते एम्युलेटचं सेटिंग फॉल्स करून टाकतो. आणि जुन्या व्हिडिओतली मायएसक्यूएल_क्वेरी वगैरे फंक्शनं बघून शिकू नका, 2015 मध्ये पीएचपी 7 आलं तेव्हाच ती काढून टाकलीत.

प्रश्नचिन्हाला कोट लावायचे नाहीत हां, नाहीतर ती व्हॅल्यूची जागा न राहता साधं '?' हे अक्षर ठरतं (मी एक अख्खी संध्याकाळ घालवलीय ह्यात). लाइक (नावाचा तुकडा शोधायला) वापरताना टक्क्याचं चिन्ह क्वेरीत नाही, व्हॅल्यूत जोडा. इन (यादीतलं कोणतंही चालेल अशी अट) मध्ये जितक्या व्हॅल्यू तितकी प्रश्नचिन्हं, आणि यादी रिकामी असेल तर क्वेरी चालवूच नका. नल (जिथे व्हॅल्यूच नाही) शोधायचा तर = ? नाही, इज नल.

आता जिथे सगळे फसतात ते. टेबलचं किंवा कॉलमचं नाव प्रश्नचिन्हातून जात नाही. युजरने फ्लॅट नंबरवर सॉर्ट मागितलं म्हणून त्याने पाठवलेला शब्द उचलून ऑर्डर बायमध्ये (क्वेरीतला सॉर्टचा भाग) टाकला की पुन्हा तीच फट उघडली. म्हणून चालणाऱ्या कॉलमची यादी कोडमध्येच ठेवा, आलेला शब्द त्यात असेल तरच घ्या, नसेल तर गुपचूप फ्लॅट नंबरवर सॉर्ट करा.

अपडेट किंवा डिलीट असेल तर मी आधी तोच व्हेअर सिलेक्टला (फक्त बघायची क्वेरी) लावून किती रो (ओळी) येतात ते बघतो. एक यायला हवी आणि चौसष्ट आल्या तर हात तिथेच थांबतो.

आणि टेस्टिंगला नुसते पाटील-जोशी टाकू नका. माझ्या टेस्ट डेटात पहिली एन्ट्री डि'सोझा, दुसरी डि'मेलो, तिसऱ्याचं आडनावच रिकामं.