पीआरचा अर्ज भरताना मुलांचं वय आधी मोजा

अवलंबित म्हणून मुलाचं नाव पीआरच्या, म्हणजे परदेशात कायम राहण्याच्या परवान्याच्या, अर्जात घालायचं असेल, तर कागद गोळा करण्याआधी त्याची जन्मतारीख पाहा. कॅनडात मूल २२ वर्षांखालचं आणि अविवाहित असावं लागतं, अमेरिकेत २१ खालचं. पण खरा प्रश्न असतो, वय नेमकं कोणत्या दिवशी मोजतात? कॅनडात अर्जाच्या बहुतेक वर्गांत पूर्ण अर्ज पोहोचला त्या तारखेला वय गोठतं. ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा. एक सही राहिली, फी कमी पडली, तर अर्ज परत येतो आणि तोवर वाढदिवस उलटलेला असतो! अमेरिकेत २००२ च्या कायद्याने काही वर्गांत मूळ याचिका (इमिग्रेशनसाठी आधी दाखल होणारा अर्ज) प्रलंबित राहिलेले दिवस वयातून वजा होतात. तो हिशेब वकिलाकडूनच करून घ्यावा. वय गोठलं म्हणून निश्चिंत होऊन मधेच लग्न उरकलं, तर मात्र अवलंबितपण सहसा संपतं.

दुसरी चूक मला जास्त घातक वाटते. ‘मुलगी आत्ता येणार नाही, मग नाव कशाला?’ असा विचार करून तिचं नाव गाळलं जातं. कॅनडात सोबत न येणाऱ्या जोडीदाराचं आणि मुलांचं नावही द्यावंच लागतं, त्यांची वैद्यकीय तपासणीही होते. लपवलेल्या सदस्याला पुढे फॅमिली क्लासमधून (कुटुंबीयांना बोलावण्याच्या वर्गातून) बोलावणं जवळपास अशक्य होऊन बसतं. अर्ज चालू असताना बाळ झालं, तर तेही लगेच कळवा.