पॅड बदलले आणि पेडल बसलं

आयटीआयचा २ वर्षांचा मोटर मेकॅनिक कोर्स करून कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका गॅरेजात लागलो, तेव्हा मऊ ब्रेकचं मला एकच निदान यायचं: एअर धरली, म्हणजे ब्रेकच्या तेलात हवा शिरली. एका वॅगनआरचे पुढचे ब्रेक पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी डिस्क दोन्ही बाजूंनी धरणारे, मी स्वतः बदलले, गाडी जॅकवरून उतरवली आणि पेडल दाबलं, तर ओल्या स्पंजावर पाय पडल्यासारखं लागलं. कुणाला न विचारता चाकाजवळच्या निप्पलला (तेल सोडायच्या स्क्रूला) नळी लावून ब्लीडिंग, म्हणजे तेलाबरोबर हवा बाहेर काढणं, सुरू केलं. ब्रेक ऑइलच्या टाकीकडे लक्षच नव्हतं. तेल तळाला गेलं, पेडलच्या जोराने तेल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलेंडरने हवा ओढली आणि मऊ असलेलं पेडल आता थेट खाली टेकायला लागलं.

मेस्त्री आले. पान्याला हातही न लावता म्हणाले, "पॅड बदलताना कुठली नळी खोललीस?"

"न्हाई, मेस्त्री."

"निप्पल?"

"न्हाई."

"मग हवा आली कुठनं?"

नव्याने या कामात येणाऱ्या पोरांना मी आज हाच प्रश्न आधी विचारतो. पॅड बदलताना आपण फक्त पॅडला डिस्कवर दाबणारा पिस्टन मागे ढकलतो. नळी, निप्पल काहीच उघडलं नसेल तर हवेला आत यायला वाटच नाही. त्यामुळे आपण हात कशाकशाला लावला, तिथूनच शोध सुरू करायचा.

पिस्टन मागे गेल्यामुळे पॅड आणि डिस्कमध्ये फट राहते. पहिले काही पेडल खाली जाणारच. गाडी हलवण्याआधी जागेवरच पंपिंग करून पेडल वर आणायचं. ते विसरून गाडी रिव्हर्स घेतली की मागची भिंत गाठलीच. पंपिंग करताना पेडल तळापर्यंत आपटू नका. जुन्या मास्टर सिलेंडरचा शेवटचा भाग रोज वापरात नसतो, तिथे गंज आणि मळ साचतो, त्यात सील फाटतं. मी तर पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवतो.

मग इंजिन बंद ठेवून बघा. पंप केल्यावर पेडल वर येऊन घट्ट होतं आणि थोडं थांबून परत दाबलं की पुन्हा खाली, असं असेल तर हवा किंवा कुठेतरी जास्त फट. पाय दाबून धरला असताना पेडल हळूहळू खाली सरकलं तर बाहेर गळती शोधा. ती नसेल तर मास्टर सिलेंडरचं सील आतून सोडतंय. इंजिन सुरू केल्यावर पेडल किंचित खाली जातं, तो बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) काम करत असल्याचा पुरावा आहे. पहिल्या महिन्यात मी तोही दोष समजलो होतो.

मागे ड्रम असतील तर हँडब्रेक दोन-तीन दात ओढून पेडल दाबा. उंची सुधारली, तर मागच्या लायनरची (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांची) फट वाढलीय. पुढे कितीही ब्लीडिंग करा, फरक पडणार नाही.

आमच्या वॅगनआरच्या मूळ दोषात यातलं काहीच नव्हतं. चाक परत खोललं तेव्हा कळलं: पॅड ज्यात बसतात त्या ब्रॅकेटमध्ये क्लिपखाली गंजाचे पापुद्रे होते, त्यामुळे आतला पॅड तिरका बसला होता. दाब दिला की आधी तो सरळ व्हायचा, मग डिस्क धरायचा. तो जो मधला प्रवास, तोच पायाला मऊ लागत होता. पिस्टनचा भाग ज्यावर सरकतो ती खालची स्लाइड पिनही कोरडी पडली होती. मेस्त्रींनी तारेच्या ब्रशने ब्रॅकेट घासायला लावलं, पिनेला रबराला चालणारं ग्रीस लावलं आणि पॅड बोटाने सरकतो का ते मला करून दाखवायला सांगितलं. आपल्याकडचा पावसाळा बघता हा गंज दर दुसऱ्या गाडीत सापडतो.

घाट उतरल्यावरच पेडल मऊ होतं, ही तक्रार मात्र वेगळी. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ तेल नवं असताना किमान २३०° सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी धरलेल्या तेलाची हमी १५५° पर्यंतच. उतारावर ब्रेक तापले की ते उकळतं, आणि त्याची वाफ हवेसारखीच दबते. महिनोन् महिने उघडा पडलेला डबा म्हणूनच वापरू नये.

शेवटी मी आत घेतलेली हवा काढायला चारही चाकं ब्लीड करावी लागली. वाया गेलेल्या तेलाचे पैसे मेस्त्रींनी पगारातून कापले नाहीत. पण पुढचे सहा महिने ब्लीडिंगच्या वेळी मला आत बसवून पेडल दाबायला लावलं, निप्पलचा पाना काही हातात दिला नाही.