पत्ता बदलतो, नियम टिकले पाहिजेत : डायल-अपवर फायरवॉल लावताना

लिनक्सवर फायरवॉल (काय आत-बाहेर जाऊ द्यायचं हे नियमांनी ठरवणारी भिंत) लावायला मी शिकले ती डायल-अप, म्हणजे फोन लाइनवरून इंटरनेटला जोडणाऱ्या, मॉडेमवर. जोडणी झाली की मिळालेला आयपी पत्ता पाहायचा आणि तोच प्रत्येक नियमात लिहायचा, अशी माझी पहिली पद्धत. लाइन तुटली, पुन्हा डायल केलं आणि एकही पान उघडेना. मॉडेम जोडलेला होता, नवा पत्ताही मिळाला होता, पण नियमांत जुनाच बसलेला. सेवा देणारी कंपनी आपल्या साठ्यातला मोकळा पत्ता तेवढ्या जोडणीपुरता देते. आपण लाइन सोडली की तो दुसऱ्या कोणाला मिळू शकतो.

म्हणून नियम पत्त्यावर लिहू नका, इंटरफेसवर, म्हणजे यंत्राला जाळ्याशी जोडणाऱ्या दारावर, लिहा. पत्ता कोणताही मिळो, पहिली पीपीपी (डायल-अप ज्या पद्धतीनं जोडतात ती) जोडणी एरवी ‘पीपीपी०’ याच नावानं उभी राहते. आयपीटेबल्समध्ये (लिनक्सवर फायरवॉलचे नियम लावणाऱ्या आज्ञेत) नियम लिहिताना तो इंटरफेस अस्तित्वात असावाच लागतो असंही नाही. त्यामुळे यंत्र सुरू होतानाच, डायल करण्याआधी सगळे नियम लावून ठेवता येतात, आणि तसेच लावा. आधी जोडणी, मग नियम असा क्रम ठेवलात तर मधल्या वेळात यंत्र उघडं राहतं.

नियम थोडेच लागतात. आत येणाऱ्या पॅकेटचं (माहितीच्या तुकड्याचं) मूळ धोरण ‘ड्रॉप’ (टाकून देणं), लूपबॅकला (यंत्राच्या स्वतःशीच होणाऱ्या संवादाला) मोकळीक, आणि आपण सुरू केलेल्या संवादाच्या उत्तरांना परवानगी. हा शेवटचा नियम जोडण्यांची नोंद ठेवून चालतो. ही सोय २००१ साली कर्नल (लिनक्सचा गाभा) २.४ बरोबर आली. त्याआधीच्या आयपीचेन्स या साधनाला ही नोंद ठेवता येत नसे, त्यामुळे डीएनएसच्या (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या) उत्तरांसाठीसुद्धा भोकं ठेवावी लागत. आयसीएमपी (जाळ्यातल्या अडचणींचे निरोप नेणारी पद्धत) मात्र सरसकट अडवू नका. पॅकेट मोठं आहे, तुकडे करायला हवेत, हा निरोप त्यातूनच येतो. तो अडला की काही पानं अर्ध्यावर लटकतात.

एकच जोडणी इतर संगणकांना वाटायची असेल तर एसनॅट (बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर आपण लिहून दिलेला पत्ता घालणारा नियम) नको, मास्करेड वापरा. ते इंटरफेसचा चालू पत्ता स्वतःच घेतं आणि इंटरफेस बंद झाला की जुन्या जोडण्या विसरतं.

एखाद्या नियमात पत्ता हवाच असेल, तर पीपीपीडी (पीपीपी जोडणी सांभाळणारा प्रोग्राम) जोडणी उभी राहिल्यावर ‘आयपी-अप’ ही स्क्रिप्ट चालवतं आणि आपला पत्ता तिला चौथा घटक म्हणून देतं. इथे माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. स्क्रिप्ट हातानं चालवली की चालायची, डायल केल्यावर मात्र काहीच व्हायचं नाही आणि चूकही दिसायची नाही. पीपीपीडी ही स्क्रिप्ट जवळपास रिकाम्या परिसरात (नेहमीच्या सेटिंगांशिवाय) चालवतं, तिचं सगळं आउटपुट डेव्ह-नलमध्ये (पाठवलेलं सगळं जिथे नाहीसं होतं तिथे) जातं. मी स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच आउटपुट एका फाइलकडे वळवलं, तेव्हा कळलं की तिला आयपीटेबल्स ही आज्ञाच सापडत नव्हती. आज्ञेचा पूर्ण मार्ग लिहिला आणि काम झालं. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी आहे ना, हेही बघा; नसेल तर पीपीपीडी ती चालवत नाही.

तपासणी एकदा डायल करून होत नाही. लाइन तोडा, पुन्हा जोडा, आणि दर वेळी नियमांसमोरचे पॅकेटचे आकडे वाढताहेत का ते पाहा. साखळीच्या (नियमांच्या यादीच्या) शेवटी लॉगचा (अडलेल्या पॅकेटची नोंद करणारा) नियम ठेवा, मर्यादा घालून. जोडणी होताच त्यात अनोळखी पॅकेटं दिसली तर लगेच हल्ला झाला असं समजू नका. त्यातली बरीचशी आपल्या आधी हाच पत्ता ज्याच्याकडे होता, त्याच्या अर्धवट राहिलेल्या संवादाची असू शकतात.