मॉरिशसचं स्वातंत्र्य अभ्यासायचंय? एमए हिस्टरीच्या नव्या मुलांसाठी माझा अनुभव

डेझर्टेशनला मी मॉरिशस घेतलं त्याचं कारण अगदी घरगुती होतं, तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि कोकणातून गिरमिटावर (म्हणजे मजुरीच्या करारावर) गेलेल्यांची पतवंडं अजून मराठी शिकतात हे कळल्यावर दुसरा विषय डोक्यात येईचना.

सुरुवातीला मी चूक केली ती सगळेच करतात. भिंतीवर मोठा चार्ट लावला, १५९८ डच, १७१५ फ्रेंच, १८१० इंग्रज, १९६८ स्वातंत्र्य. गाईड सरांनी बघितला आणि एवढंच विचारलं, "यात माणसं कुठायत?" तो चार्ट काढला आणि ऊसापासून पुन्हा सुरुवात केली. १८३५ च्या १ फेब्रुवारीला तिथे गुलामगिरी संपली, मळेवाल्यांना मजूर हवे होते, त्याच्या आधीच २ नोव्हेंबर १८३४ ला ॲटलस नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ जणांना घेऊन पोर्ट लुईला लागलं होतं आणि पुढच्या साधारण पाऊण शतकात साडेचार लाखांच्या आसपास माणसं तशीच गेली. बहुतेक बिहार आणि आसपासची, आपली कोकणी माणसं त्यात थोडी, पण होती. डच काळावर जास्त वेळ घालवू नका, एक पान पुरतं.

मग मी प्रत्येक टप्प्याला एकच प्रश्न विचारायला लागलो: मत कोणाला होतं? तिथून विषय खरा उलगडला. १८८६ ला पहिली निवडणूक झाली पण ज्याच्याकडे मालमत्ता किंवा बरा पगार त्यालाच मत, म्हणजे ऊस तोडणारा बाहेरच. भारतीय वंशाचे पहिले दोघे निवडून यायला १९२६ उजाडलं. १९३७ ला मळ्यांवर संप, गोळीबार, त्यातून कामगार चळवळीला जोर आला. आणि मग १९४८, माझ्या मते सगळ्यात मोठा टप्पा हाच, पण बहुतेक नोट्समध्ये एका ओळीत उडवलेला असतो. नियम असा झाला की बेटावरच्या कुठल्याही भाषेत साधी वाक्यं लिहिता-वाचता आली की मत मिळणार. समाजसुधारक बासदेव बिसुनदयाल आणि त्यांचे स्वयंसेवक गावोगावच्या बैठकांमध्ये (बैठका म्हणजे संध्याकाळची शाळा, भजन, सगळं एकत्र) मजुरांना अक्षरं गिरवायला बसवायचे. दिवसभर कोयता चालवलेला हात रात्री अक्षर गिरवतोय, हे डोळ्यासमोर आणून बघा! मतदार साधारण १२ हजारांवरून ७२ हजारांच्या आसपास गेले. १९५९ ला सरसकट प्रौढ मतदान आलं.

व्हायवाला मी अडकलो तो प्रश्न सांगतो, तुम्हाला नक्की उपयोगी पडेल. "१२ मार्च १९६८ ला नेमकं काय बदललं?" मी झेंडा, शाँ द मार्स मैदान, पंतप्रधान रामगुलाम असं सांगत बसलो. परीक्षकांना हवं होतं ते वेगळंच, की राष्ट्रप्रमुख राणीच राहिली, आदल्या दिवसापर्यंत गव्हर्नर असलेले रेनी त्या दिवसापासून गव्हर्नर जनरल झाले, माणूस तोच, पण सत्ता आता निवडून आलेल्या सरकारकडे. प्रजासत्ताक व्हायला १२ मार्च १९९२ उजाडलं आणि शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडेच जातं. म्हणून तारीख पाठ करताना काय बदललं आणि काय तसंच राहिलं असे दोन कॉलम करा, मी हे फार उशिरा केलं.

अजून एक, सगळ्यांना स्वातंत्र्य हवं होतं असं लिहू नका. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्याच्या विरोधातल्या पक्षाला ४३-४४ टक्के मतं होती, क्रिओल (बहुतेक तिथल्या गुलामांचे वंशज) आणि इतर बऱ्याच लोकांना आपलं काय होणार ही भीती होती, जानेवारी १९६८ ला पोर्ट लुईत दंगली झाल्या, ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं. ती भीती समजून न घेता लिहिलेलं प्रकरण अर्धवट वाटतं.

आणि चागोस बेटांसाठी वेगळी वही करा. १९६५ ला स्वातंत्र्याची बोलणी चालू असतानाच इंग्रजांनी ती बेटं मॉरिशसपासून तोडली, तिथल्या लोकांना पुढे घरं सोडायला लावली, त्यातल्याच दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ झाला. २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीररित्या पूर्ण झालीच नव्हती. त्यावर नवीन घडामोडी चालू असतात, म्हणून ते प्रकरण सबमिशनच्या आधी सगळ्यात शेवटी लिहा.